कोथिंबीर: गच्चीवरची आणि रानातली

आजचा एपिसोड कोथिंबिरीवर आहे. हो, तीच. भाजीवाल्या मावशींकडून भाजी घेऊन झाली की आपण शेवटी म्हणतो ना, "मावशी, थोडी कोथिंबीर टाका की वरून," ती कोथिंबीर.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात माझ्याबद्दल. मी बी.टेक. केलंय, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि सध्या घरून, म्हणजे बार्शीतून काम करतो. घरात आई, पप्पा, आजी आणि मी. गच्चीवर तीन कॅरेट आहेत आणि त्यात कोथिंबीर आहे. आज ती कशी लावायची, कधी लावायची, कशी वापरायची हे सगळं सांगणार आहेच. पण त्यासोबत एक हिशोबही मांडणार आहे. हा हिशोब मांडला तेव्हा मला कळलं की दहा रुपयांच्या पेंडीमागं नेमकं काय काय चाललेलं असतंय. पुण्या-मुंबईत 'जुडी' म्हणतात, आपल्याकडं 'पेंडी'. मी पेंडीच म्हणणार.

नावापासून सुरुवात करू

'कोथिंबीर' हा शब्द किती जुना असेल? संस्कृतात त्याला 'कुस्तुंबुरु' म्हणतात आणि पाणिनीच्या अष्टाध्यायीत या शब्दासाठी चक्क एक वेगळं सूत्र आहे. म्हणजे व्याकरण लिहिणाऱ्या माणसालाही कोथिंबिरीची दखल घ्यावी लागली. आता शेजारच्या भाषा बघा. कन्नडमध्ये 'कोत्तंबरी', तेलुगूत 'कोत्तिमीर', तमिळमध्ये 'कोत्तमल्ली'. आपला सोलापूर जिल्हा कर्नाटकाला लागून आहे. त्यामुळं सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी तीन घरं एकाच भाजीवाल्याकडं उभी राहिली, तर तिघांचं मागणं जवळजवळ एकाच शब्दात होतंय.

ही वनस्पती भारताबाहेरही तितकीच जुनी आहे. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात धने सापडलेत. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी राजासोबत पुरायच्या सामानात धने होते.

आणि आपल्या अगदी शेजारची गोष्ट. लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. त्याच सुमारास तुळजापूरची कवडी आणि कुंथलगिरीचा खवा यांनाही मिळाला. खव्याला आणि पेढ्याला मान मिळतो हे आपल्याला पटतं. पण कोथिंबिरीला? मिळाला बघा. एखाद्या ठिकाणची माती, हवा आणि तिथल्या लोकांची पद्धत यामुळं साध्या कोथिंबिरीलाही वेगळा वास येतो, हे आता सरकारदरबारी मान्य आहे.

धना म्हणजे एक बी नाही, दोन

आता कामाचं. कोथिंबिरीचं बी म्हणजे धने, हे सगळ्यांना माहीत असतंय. पण धन्याचा गोल दाणा हे एक बी नसून ते एक छोटं फळ आहे आणि त्याच्या आत दोन बिया असतात. म्हणून पेरायच्या आधी धने रगडून त्याचे दोन भाग करायचे. ताटात धने पसरा आणि वाटीच्या बुडानं किंवा लाटण्यानं हलक्या हातानं दाबा. 'हलक्या हातानं' हे महत्त्वाचं. भरड करायची नाही, फक्त दोन फाका करायच्या. रानात शेतकरी हेच काम चप्पल नाहीतर लाकडी फळी फिरवून करतात.

रगडलेले धने रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी पाणी काढून टाका आणि ओल्या सुती फडक्यात बांधून एक दिवस सावलीत ठेवा. मग पेरा. असं केलं की साधारण आठ ते बारा दिवसांत उगवून येतं. न भिजवता टाकलं तर पंधरा दिवस आणि कधी त्याहून जास्तही लागतात.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "किराणा दुकानातले धने चालतात का?" चालतात, पण प्रत्येक पाकीट चालेलच असं नाही. आपल्याकडं किराणात येणारे धने बहुतेक राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून येतात. राजस्थानात कोटा जिल्ह्यातलं रामगंज मंडी हे गाव तर धन्याचं शहर म्हणूनच ओळखलं जातंय. तिथून आपल्या डब्यात येईपर्यंत धने किती जुने झालेत, कुठं किती तापलेत, हे पाकीट बघून कळत नाही.

म्हणून आधी टेस्ट करा. मी सॉफ्टवेअरवाला आहे, टेस्ट केल्याशिवाय प्रॉडक्शनला काही पाठवत नाही. वीस धने मोजून घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं दहा दिवस ओलसर ठेवा आणि मग मोजा. वीसपैकी बारा-तेराला मोड आले तर बिनधास्त पेरा. पाच-सहालाच आले तर ते धने आमटीला वापरा आणि बी कृषी केंद्रातून आणा. कृषी केंद्रातल्या बियाण्याला कधीकधी गुलाबी किंवा निळसर रंग असतो. ते बुरशीनाशक लावलेलं असतंय. ते बी खायचं नाही, स्वयंपाकघरात ठेवायचं नाही, आणि पेरल्यावर हात साबणानं धुवायचे. लहान पोरं असतील त्या घरांनी हे नक्की लक्षात ठेवा.

कुंडी, माती आणि गच्ची

कोथिंबिरीला सोटमूळ असतं, म्हणजे एक मुख्य मूळ सरळ खाली जातं. याचे दोन अर्थ. एक, भांडं किमान सहा ते आठ इंच खोल पाहिजे. दोन, एका ठिकाणी रोप करून दुसरीकडं लावायचा नाद करायचा नाही. मूळ दुखावलं की झाड लगेच फुलावर जातं. जिथं वाढवायची तिथंच पेरायची.

भांडं विकत घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. फळांचं जुनं कॅरेट असेल तर आतून गोणपाट लावा. गळकं घमेलं, रंगाची रिकामी बादली, थर्माकोलचा खोका, सगळं चालतंय. फक्त बुडाला भोकं पाहिजेत. आणि कॅरेट थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली चार विटा द्या. पाणी निघून जातं, स्लॅबला ओल धरत नाही आणि उन्हाळ्यात तापलेल्या गच्चीची धग मुळांना लागत नाही.

माती. बार्शी भागात आपल्याकडं काळी माती. रानात ती सोनं आहे, ज्वारी-तुरीला एक नंबर. पण कुंडीत काळी माती एकटी घातली की पाणी दिल्यावर चिखल होतो आणि वाळली की दगड होऊन भेगा पडतात. कोवळं धन्याचं मूळ त्यात गुदमरतं. म्हणून मिश्रण करा. चार भाग माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, तीन भाग कोकोपीट. कोकोपीट नसेल तर बारीक वाळू थोडी कमी प्रमाणात घाला. हातात मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोटानं टोचलं की फुटावा, अशी माती जमली की झालं.

पेरताना बी साधारण एक सेंटिमीटर खोल. पाल्यासाठी दाट पेरलं तरी चालतंय, पण इतकंही दाट नको की रोपं एकमेकांना टेकून कुजतील. वरून बारीक मातीचा पातळ थर द्या आणि पाणी झारीनं द्या. मग्यानं ओतलं की बी सगळं एका कोपऱ्यात वाहत जातं. उगवेपर्यंत वर ओलं गोणपाट टाका. त्यानं ओल टिकते आणि चिमण्या-कबुतरांना बी दिसत नाही. मुंग्यांकडं मात्र लक्ष ठेवा, त्या बी पळवतात.

पाण्याचं गणित

बार्शीत पाण्याचा विषय आला की घरातलं वातावरण गंभीर होतंय. हा दुष्काळी पट्टा आहे आणि उन्हाळ्यात इथं प्रत्येक घागर मोजली जाते. अशा गावात मी गच्चीवर कोथिंबीर लावायची म्हटल्यावर आजीचा पहिला प्रश्न: "आरं, प्यायला पाणी जपून वापरायचं आणि तू गच्चीवर ओतणार व्हय?"

आजीचा प्रश्न बरोबर होता. म्हणून मी मोजलं. हिवाळ्यात एका कॅरेटला दिवसाला साधारण एक लिटर लागतं. तीन कॅरेटला तीन लिटर. आता आमच्या घरात तांदूळ-डाळ धुतलेलं आणि भाजी धुतलेलं पाणी दिवसाला किती निघतंय? चार लिटरच्या वर. आजवर ते सगळं मोरीत जायचं. आता सिंकखाली एक बादली असते. साबणाचं पाणी त्यात जात नाही, बाकी सगळं जातं. नळाचं नवीन पाणी हिवाळ्यात कोथिंबिरीला लागतच नाही. उन्हाळ्यात गरज दुप्पट होते, तेव्हा मी तीनऐवजी एकच कॅरेट ठेवतो.

दोन गोष्टी टाळा. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी रोज देऊ नका, त्यात क्षार साठलेले असतात. बोअरचं पाणी जड असेल तर तेच. काही दिवसांनी मातीवर पांढरा थर दिसायला लागला की समजायचं क्षार साठतायत. अशा वेळी पावसाचं किंवा साधं पाणी भरपूर देऊन ते क्षार खालून निघून जाऊ द्यायचे.

ऊन वाढलं की कोथिंबीर पळते

आता खरी अडचण. कोथिंबिरीला थंडी आवडते. साधारण १५ ते २५ अंशांत ती खूश असते. तापमान ३० च्या वर जायला लागलं आणि दिवस मोठा झाला की तिला वाटतं, आपलं आयुष्य संपत आलं, आता पटकन बी तयार करावं. मग ती पानं करायची सोडते, मधून उंच दांडा काढते, पानं बारीक बडीशेपेसारखी होतात आणि वर पांढरी फुलं येतात. याला इंग्रजीत 'बोल्टिंग' म्हणतात, आपल्याकडं साधं म्हणतात 'कोथिंबीर फुलावर गेली'. एकदा गेली की परत येत नाही. शेंडा खुडला तर चार-आठ दिवस मिळतात, बास.

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून आपलं वेळापत्रक असं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मोकळ्या उन्हात, चार-सहा तास ऊन मिळेल अशी जागा. मार्चपासून फक्त सकाळचं दहापर्यंतचं ऊन, नंतर सावली. एप्रिल-मेमध्ये ५० टक्के सावलीचं हिरवं शेडनेट किंवा सरळ खिडकीच्या कट्ट्यावर, पूर्वेच्या बाजूला. आणि उन्हाळ्यात पूर्ण वाढीची वाट बघू नका, २५ ते ३० दिवसांत कोवळीच कापा. पावसाळ्यात पत्र्याखाली ठेवा, कारण मोठ्या पावसाचा मार लागला की कोवळी पानं मातीला चिकटून कुजतात.

वाण म्हटलं तर कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण कस्तुरी' आहे, को-१ सारखे जुने वाण आहेत, शिवाय ठिकठिकाणचे गावरान धने आहेत. बी घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: "पाल्यासाठीचं आहे का धन्यासाठीचं?" पाल्यासाठीचं उशिरा फुलावर जातं.

आता वेळापत्रकाची एक युक्ती. पेरल्यापासून कापणीपर्यंत ४० ते ४५ दिवस. तिन्ही कॅरेट एकाच दिवशी पेरले तर ४५ दिवस काहीच नाही आणि मग एकदम सगळं. म्हणून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं एकेक कॅरेट पेरायचं. पहिलं कापायला येतं तेव्हा दुसरं वीतभर असतं आणि तिसरं नुकतंच उगवलेलं. मोबाइलमध्ये पंधरा दिवसांचा रिमाइंडर लावा, विषय संपला.

कीड म्हणाल तर मावा येतो, पानाखाली हिरवे-काळे ठिपके दिसतात. पाण्याचा जोराचा फवारा मारला तरी बराचसा जातो. नाहीच गेला तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब साबण, संध्याकाळी फवारायचं, आणि नंतर चार-पाच दिवस पानं तोडायची नाहीत. पानांवर पांढरी पावडर दिसली तर ती भुरी. दाटी कमी करा, हवा खेळू द्या.

आता हिशोब

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटत असेल, वा, आता मंडईत कोथिंबिरीवर एक रुपया खर्च होणार नाही. थांबा.

माझा खर्च: तीन जुनी कॅरेट, कोकोपीटची वीट, गांडूळ खत, बी आणि शेडनेटचा तुकडा, सगळं मिळून साधारण ९०० रुपये. एका कॅरेटमधून एका फेरीत दोन पेंड्या निघतात, त्याही मंडईतल्या मोठ्या पेंडीएवढ्या नाहीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तीन फेऱ्या. तीन कॅरेट, तीन फेऱ्या, दोन पेंड्या: १८ पेंड्या. हिवाळ्यात पेंडी असते दहा रुपयांची, कधी पाचची. म्हणजे अख्ख्या हंगामात मी वाचवले १८० रुपये. नऊशे घालून एकशे ऐंशी!

आणि गंमत अशी की ज्या महिन्यांत घरी कोथिंबीर सहज येते, त्याच महिन्यांत ती रानातही सहज येते, म्हणून मंडईत स्वस्त असते. मे-जूनमध्ये किंवा मोठ्या पावसात पेंडी ४०-५० रुपयांवर जाते, तेव्हा आपल्या गच्चीवरही ती नीट येत नाही. बाजारभाव आणि आपली कुंडी, दोघांवर एकच हवामान राज्य करतंय.

हा हिशोब घेऊन मी तात्यांकडं गेलो. तात्या म्हणजे माझे चुलते. बार्शीपासून थोड्या अंतरावर त्यांचं रान आहे, त्यात दहा गुंठे कोथिंबीर असते. मी म्हटलं, "तात्या, कोथिंबीर मला परवडत नाही."

तात्या हसले. म्हणाले, "तुला परवडत नाही म्हणतोस? माझं ऐक. बी, मशागत, पाणी सगळं सोड. ते मातीत गेलं. नुसतं उपटून, पेंड्या बांधून, टेम्पोत घालून मार्केटला न्यायचं म्हटलं तर शंभर पेंड्यांना बायकांची मजुरी ऐंशी, टेम्पो चाळीस, हमाली-बिमाली वीस. झाले एकशे चाळीस. आणि सौद्यात शंभराला एकशे वीस बोलले तर? घरी बसून वीस वाचवलेले बरे. मग रोटाव्हेटर घालायचा."

"आणि घातलाय कधी?"

"दोनदा. उभ्या हिरव्यागार प्लॉटवर. तुझी काकू त्या दिवशी रानात आली नाही."

मी गप्पच झालो. बातम्यांत आपण बघतो, नाशिककडं, पुण्याकडं, आपल्याकडं, दर काही वर्षांनी शेतकरी कोथिंबीर-मेथी रस्त्यावर टाकतात. खाली कमेंट असते, "गरिबांना वाटायची ना." अहो, वाटायला ती उपटावी लागते, आणि उपटायचेच पैसे नसतात.

असं का होतंय? तात्यांनी सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगतो. पावसात माल सडतो, भाव चढतो, पन्नासला पेंडी जाते. ते बघून सगळे एकाच आठवड्यात धने पेरतात. चाळीस दिवसांनी सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात मार्केटला येतो. भाव कोसळतो. मग कोणीच पेरत नाही, आणि पुढं परत भाव चढतो. सिस्टीममध्ये सिग्नल चाळीस दिवस उशिरा पोचत असेल, तर ती अशीच हेलकावे खाणार. अर्थशास्त्रात याला 'कॉबवेब', म्हणजे कोळ्याचं जाळं म्हणतात. १९३४ मध्ये निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञानं हे नाव रूढ केलं. तात्यांनी काल्डोर वाचलेला नाही, पण त्या जाळ्यात ते बसलेले आहेत.

'फुकट टाका की'

आता आपल्याकडं वळू. २०२४ च्या मे महिन्यातला किस्सा आठवतो का? मुंबईतल्या एका तरुणानं एक्सवर लिहिलं की ऑनलाइन भाजी मागवताना कोथिंबिरीचे वेगळे पैसे द्यावे लागले, याचा आईला धक्काच बसला. ब्लिंकिटच्या प्रमुखांनी ते वाचलं आणि लगेच ॲपवर भाजीसोबत ठरावीक कोथिंबीर फुकट चालू केली. सगळीकडं कौतुक झालं. मलाही तेव्हा मजा वाटली होती.

पण तो मे महिना होता. त्या दिवसांत कोथिंबीर रानात जिवावर उदार होऊन जगवावी लागते. ॲपवर ग्राहकाला ती शून्य रुपयांत दिसली, तरी कोणीतरी ती विकत घेतलेलीच असते. कंपनी मोठी असते, तिचा तो जाहिरातीचा खर्च. कोपऱ्यावरच्या मावशींचं तसं नाही. त्यांनी सकाळी सौद्यात पेंड्या पैसे मोजून घेतलेल्या असतात. आपण "टाका की थोडी" म्हटलं की ती त्यांच्या नफ्यातून जाते.

घरी हे बोलणं झालं तेव्हा आई म्हणाली, "मग काय, गच्चीवर आलीय म्हणून मावशींकडून घ्यायची बंद करायची का?" त्यावर आमचं घरात जे ठरलं ते सांगतो. हिवाळ्यात भाव पडलेले असतात तेव्हा पेंडी विकतच घ्यायची, आणि एक नाही, दोन. वडीचा बेत त्याच आठवड्यात करायचा. आणि पैसे देऊन घ्यायची, फुकट मागायची नाही. गच्चीवरची कोथिंबीर रोजच्या चार काड्यांसाठी.

कारण आपलं खरं नुकसान तिथं होतंय. पोह्यांवर टाकायला चार काड्या लागतात, त्यासाठी आपण अख्खी पेंडी आणतो आणि तिसऱ्या दिवशी उरलेली फ्रीजमध्ये काळी पडते. गच्चीवरनं हवी तेवढीच कापली जाते. बाहेरची पानं दोन बोटं देठ ठेवून कात्रीनं कापा, मधला कोंब राहू द्या, दोन-तीन वेळा पुन्हा फुटते. पैसे वाचतात ते असे, वाया न गेल्यामुळं.

वापर: पान वेगळं, देठ वेगळं, धना वेगळा

एकाच झाडाचं पान आणि बी यांचा वास इतका वेगळा का? कारण दोन्हींत रसायनं वेगळी. पानाचा वास आल्डिहाइड नावाच्या द्रव्यांचा, आणि तो उष्णतेनं उडून जातो. म्हणून कोथिंबीर गॅस बंद केल्यावर वरून घालायची. धन्याचा वास मुख्यतः लिनालूलचा. तो भाजल्यावर, तेलात गेल्यावर खुलतो. म्हणून काळ्या मसाल्यात आणि येसरात धने आधी खमंग भाजतात. आपल्या आज्यांना रसायनं माहीत नव्हती, क्रम मात्र पक्का माहीत होता.

तुमच्या ग्रुपमध्ये एखादा मित्र असेल जो म्हणतो, "मला कोथिंबिरीला साबणाचा वास येतो." त्याला नाटकी म्हणू नका. २०१२ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या जनुकीय चाचण्या करणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की याचा संबंध वास ओळखणाऱ्या जनुकांशी आहे. तीच आल्डिहाइडं साबणातही असतात, आणि काही लोकांचं नाक ती जास्त पकडतं.

देठ टाकू नका. कोवळे देठ हिरव्या चटणीत आणि रश्श्याच्या वाटणात घाला, पानापेक्षा चव जास्त असते. आमच्याकडं ज्वारीच्या पिठाच्या धपाट्यात देठासकट बारीक चिरून जाते.

कोथिंबीर वडीचं आईचं प्रमाण: चिरलेली कोथिंबीर दाबून दोन वाट्या, बेसन एक वाटी, तांदळाचं पीठ दोन चमचे, तीळ, हळद, तिखट, धने-जिऱ्याची पूड, मीठ. कोथिंबीर धुऊन कापडावर कोरडी करून मगच चिरा. मीठ लावून पाच मिनिटं ठेवा, तिला स्वतःचं पाणी सुटतं. त्यातच पीठ मळा, वरून पाणी लागलंच तर चमचाभर. उंडे करून १५ ते २० मिनिटं वाफवा, पूर्ण गार झाल्यावर कापा आणि तळा किंवा तव्यावर परता. गरम असताना कापलं की भुगा होतो.

मंडईतली पेंडी टिकवायची असेल तर न धुता, पिवळी पानं काढून, कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. आठवडाभर आरामात राहते. ओली ठेवली की सडते.

आणि मार्चमध्ये कोथिंबीर फुलावर गेली की उपटून टाकू नका. पाच-सहा झाडं राहू द्या. त्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात. मग हिरवे धने धरतात. ते ओले धने चटणीत घालून बघा, पान आणि धना दोन्हींचा वास एकत्र येतो, आणि हा मंडईत सहसा मिळत नाही. काही झाडं पूर्ण वाळू द्या. पेरल्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांत तुमचं स्वतःचं बियाणं तयार.

शेवटी

नऊशे घालून एकशे ऐंशी वाचवले, तरी मी पुढच्या हंगामात पुन्हा लावणार आहे. कॅरेट आणि शेडनेट आता आहेतच, त्यामुळं खर्च फक्त खत आणि बी. पण त्याहून मोठं कारण म्हणजे, ४५ दिवस तीन कॅरेट सांभाळले की दहा गुंठ्यांत काय लागत असेल याचा अंदाज येतो. मग भाव पन्नासला गेला की "काय लूट आहे" असं पटकन तोंडातून निघत नाही. आणि भाव पाचवर आला की स्वस्त मिळाली म्हणून आनंद होतो, पण सोबत तात्यांचा रोटाव्हेटरही आठवतो.

तर या आठवड्याचा टास्क. वीस धने, ओलं फडकं, दहा दिवस. किती उगवले ते मला पाठवा, सोबत तुमच्या गावाचं नाव लिहा. कुठल्या गावात किराणातले धने सगळ्यात चांगले उगवतात याची यादी करू. आणि मंडईत गेलात तर एक पेंडी विकत घ्या.

आजच्यापुरतं एवढंच. ऐकत राहा, पेरत राहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.